एडेल्मिराचं घर ओढताना

घर पहावं बांधून, म्हणतात.
आमच्या चिलोए बेटावर ते ओढूनही पहावं लागतं.
खाली ओंडके, पुढे बैल,
मागे सगळा गाव, फुकटच्या सल्ल्यांसकट.

मी बैलवाला. एरास्मो.
लोक माझ्या दारात येतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं.
एडेल्मिरा रेमोलकोय आली, तिचं काहीच ठरलेलं नव्हतं.
थोरल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून
ती त्यालाच सांगू लागली:

मुलगा सांतियागोत, अकराव्या मजल्यावर.
तीन महिने राहून आले.
नळाला गरम पाणी, खाली औषधांचं दुकान,
सूनही चांगली, खोटं कशाला बोलू.
पण भरती कळायची नाही रे.
रात्री लिफ्ट वर जायची, खाली यायची,
त्या आवाजावर मी झोप लावून घ्यायचे.

बहीण ओतिलिया टेकडीपलीकडे.
काळी माती, बटाटे, सफरचंदाची चार झाडं.
म्हणते, ये, माती कुणाला बुडवत नाही.
(तिचा नवरा बुडाला नाही, खरंय.
खाटेवर गेला, सात वर्षं लावून.)

आणि इथं हे. लाकडी खवल्यांचं घर,
माशासारखं, पण पोहता न येणारं.
गेल्या ऑगस्टात पाणी चुलीपर्यंत आलं,
राख भिजवून परत गेलं.
समोर सॅमनचे पिंजरे. रात्रभर त्यांचे दिवे.
माझा समुद्र आता झोपत नाही,
मग मी तरी कशी झोपू?

बैलानं माशी उडवायला कान हलवला.
तिनं तो होकार धरला.
"टेकडीपलीकडे," म्हणाली. "ओतिलियाकडे."

फेब्रुवारीतला शनिवार. अकरा जोड्या.
काचा काढल्या, चूल काढली,
कपाट दारातून निघेना, म्हणून आतच राहिलं,
आणि कपाटात तिच्या नवऱ्याचे रबरी बूट.
घर कण्हलं, मग निघालं.
घर फिरलं की वासे फिरतात, ऐकून होतो.
हे घर चारशे मीटर फिरलं,
वासा एकही हलला नाही.

मग चढावर, माझ्या कुरणाच्या मधोमध,
दोर तुटला.
दोन बैल खाली बसले.
बसलेल्या बैलाशी वाद घालणारा
अजून आमच्या बेटावर जन्मलेला नाही.
लोक जेवायला बसले. मेंढीचं मटण, बटाट्याच्या वड्या,
सफरचंदाची दारू जरा जास्तच.
अंधार पडला. उद्या बघू, म्हणत जो तो गेला.

ती आत झोपली. ओंडक्यांवर, बिनकाचेच्या घरात.

सकाळी मी नवा दोर घेऊन गेलो
तर ती पायरीवर बसून बटाटे सोलत होती.
स्वयंपाकघरातून समुद्र दिसत होता,
पिंजरे दिसत नव्हते, मधे माझी झाडं.
मागच्या खिडकीतून ओतिलियाचा धूर.
फोनला दोन दांड्या रेंज. मुलगा विचारत होता,
आई, पोचलीस का?
ती म्हणाली, हो, बहुतेक.

ओतिलिया आली, ओरडली:
दोन डगरींवर पाय ठेवून कुणी राहतं का?
एडेल्मिरानं तिच्या हातात सुरी दिली, सोल म्हणाली.

मी घसा खाकरला. "कुरण माझं आहे."
"माहीत आहे. बैल तुझे, दोर तुझा,
तुटलाही तुझाच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.
रोज सकाळी बैलांना वळसा घालून नेतो.
थोरला तिच्या दाराशी थांबतो,
सालं खातो, हलत नाही.
जमीन समुद्राकडे चार बोटं कलली आहे.
जॅक लावून सरळ करून देतो, म्हटलं.
नको म्हणाली.
टोपलीतून एक बटाटा निसटला,
घरंगळत दाराकडे निघाला, खाली, पाण्याच्या दिशेनं,
आणि तिनं बोलता बोलता,
न बघताच,
पायानं अडवला.